मनीला आंबा चालतो का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात बी विंगमधील रहिवासी पशुवैद्यांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी स्वतःच ते लिहून दिले आहे.)



अध्यक्षांनी मला सांगितलंय, "डॉक्टर, दूध आटेपर्यंत बोला, दूध आटलं की तुम्हीही आटपा." त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

विषय मी निवडलेला नाही, तो मुलांनी दिलेला आहे. श्रावणात आपल्याकडे रौप्यमहोत्सवाची सत्यनारायणाची पूजा झाली. त्या रात्री साडेनऊ वाजता आमच्या दाराची बेल वाजली. बाहेर पाच-सहा मुलं, आणि त्यांच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेला आपला पार्किंगमधला बोका. मुलांनी त्याला प्रेमानं प्रसादाचा शिरा दिला होता, द्रोण भरून. शिऱ्यात केळं, साजूक तूप, साखर आणि भरपूर बेदाणे. बोक्यानं तो चाटून पुसून खाल्ला आणि तासाभरात तीन वेळा ओकला. मुलं रडवेली झाली होती. एक चिमुरडी मला म्हणाली, "काका, देवाचा प्रसाद होता, मग त्याला का बाधला?"

या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की, देवाचा काही दोष नव्हता. बेदाण्यांची भीती होती म्हणून बोक्याला मी दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं, मूत्रपिंडाची रक्ततपासणी दोनदा केली. तपासण्या चांगल्या आल्या. आता तो खाली वॉचमनच्या खुर्चीखाली मजेत झोपलाय, तुम्ही येताना पाहिला असेल. पण त्या दिवसापासून मुलं मला लिफ्टमध्ये, जिन्यात, गाडी काढताना गाठून विचारतात: मांजराला सफरचंद चालतं का? कलिंगड चालतं का? आंबा चालतो का? म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकू.

थोडक्यात सांगायचं तर असं. बरीचशी फळं, बिया आणि साल काढून, नखाएवढ्या तुकड्यात, कधीतरी दिली तर निरोगी मांजराला अपाय होत नाही. काही फळं मात्र अजिबात देऊ नयेत. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मांजराला फळांची गरजच नसते. पहिल्या दोन गोष्टी लोक लक्षात ठेवतात आणि तिसरी विसरतात. ती विसरल्यामुळे काय होतं, ते मी आपल्याच सोसायटीतल्या एका उदाहरणानं सांगणार आहे. त्या घरातल्या काकूंची परवानगी घेऊनच सांगतोय.

आधी मांजर म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण माणसं सर्वभक्षी. कुत्राही माणसासोबत राहून बराचसा मिश्र आहारावर आला. मांजर मात्र आपल्या घरात गादीवर झोपत असलं तरी पोटातून अजून वाघाच्याच घराण्यातलं आहे. त्याचे दात बघा. मांस कातरायला धारदार आहेत, दळायला सपाट दाढा नाहीत. गाय रवंथ करताना जबडा आडवा फिरवते, मांजराचा जबडा फक्त वर-खाली होतो. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा पाचक रस नसतो. आतडी त्याच्या देहाच्या मानानं आखूड. आणि त्याचं यकृत चोवीस तास प्रथिनं जाळत असतं. आपण उपास केला की आपलं शरीर काटकसर करतं. मांजराच्या शरीराला ती काटकसर फारशी जमत नाही. म्हणून त्याला रोज, आणि भरपूर, प्रथिनं लागतात.

आता एक गंमत. मांजराला गोड लागतच नाही. गोडाची चव ओळखायला जिभेवर जो ग्राहक लागतो, तो दोन भागांचा बनतो. त्यातल्या एका भागाचं जनुक मांजरात मोडलेलं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर नावाची संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिलं. घरच्या मांजराबरोबर त्यांनी वाघ आणि चित्ता यांचंही जनुक तपासलं, त्यांच्यातही तेच मोडलेलं निघालं. म्हणजे तुम्ही देवगडचा हापूस कापून मांजरापुढे ठेवलात तरी त्याची गोडी तिला कळणार नाही. पैसे वाया!

मग काही मांजरं आंबा चाटतात, खरबुजावर तुटून पडतात, ते का? वासामुळे, ओलाव्यामुळे, मऊपणामुळे. खरबुजाच्या वासातले काही घटक मांसाच्या वासाशी मिळतेजुळते असावेत, असं मानलं जातं. शिवाय मांजराला तुमच्या ताटात काय आहे याची उत्सुकता असते. तुम्ही खाताय म्हणून तीही तोंड लावते. तिनं तोंड लावलं म्हणजे तिला ते मानवतं, असं समजू नका. आपली मुलं पाणीपुरी मागतात म्हणून आपण रोज जेवायला पाणीपुरी देत नाही.

"पण डॉक्टर, फळांत जीवनसत्त्वं असतात ना?" असतात, पण आपल्यासाठी. संत्र्या-पेरूतलं सी जीवनसत्त्व आपल्याला बाहेरून घ्यावं लागतं, मांजर ते स्वतःच्या यकृतात तयार करतं. आंबा, पपई, गाजर यांच्यात बीटा कॅरोटिन असतं. आपलं शरीर त्यापासून ए जीवनसत्त्व बनवतं, म्हणून आई सांगते पपई खा, डोळ्यांना चांगली. मांजराला हे रूपांतर करता येत नाही. तिला ए जीवनसत्त्व तयार स्वरूपात, म्हणजे मांस, मासे, यकृत यांतूनच मिळावं लागतं. पपई तुमच्या डोळ्यांना चांगली, मनीच्या डोळ्यांना तिचा काही उपयोग नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुलांनो, तुमची यादी. कोणी लिहून घेणार असेल तर घ्या.

चालणारी फळं: सफरचंदाचा गर, बिया आणि मधला कडक भाग काढून. कलिंगड आणि खरबूज, बिया काढून. केळं. पपईचा गर, साल व बिया काढून. पिकलेल्या आंब्याचा गर, साल, देठाजवळचा चीक आणि कोय वगळून. स्ट्रॉबेरी, पेर. किती द्यायचं? साधारण चार किलोच्या मांजराला दिवसभरात दोनशे ते अडीचशे उष्मांक लागतात. खाऊ म्हणून जे काही देऊ ते त्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणजे वीस-पंचवीस उष्मांक. पाव केळ्यातच ते संपतात, आणि पाव केळं म्हणजे मांजराच्या पोटाला बरंच झालं. म्हणून मी म्हणतो, नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एखाद-दोनदा, आणि तोही तिला हवा असेल तरच. जबरदस्ती नको. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला विचारल्याशिवाय काहीच नको.

न चालणारी फळं: पहिला नंबर द्राक्षं, बेदाणे आणि मनुका. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं भरपूर नोंदलेली आहेत. त्यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं, असा अलीकडचा अंदाज आहे. मांजरांची उदाहरणं कमी आहेत, कारण मांजरं द्राक्षं फारशी खातच नाहीत. पण किती खाल्ली म्हणजे सुरक्षित, हे ठरवता येत नाही, म्हणून एकही नको. आपल्या राज्यात नाशिकची द्राक्षं आणि सांगलीचे बेदाणे घरोघरी असतात. शिरा, खीर, केक, पुलाव, सुका मेवा, सगळीकडे बेदाणा लपलेला असतो. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळही लांब ठेवा. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली ते त्याच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं!

दुसरी, लिंबू, संत्रं, मोसंबी. यांच्या सालीतलं तेल मांजराला बाधतं. बहुतेक मांजरं त्या वासानं स्वतःच पळतात. पण पिसवा मारायला किंवा फरशी पुसायला संत्र्या-लिंबाचं तेल वापरताना ते मांजराच्या अंगाला लागणार नाही, हे पाहा. अंगाला लागलेलं तिच्या पोटात जातंच, कारण ती दिवसभर अंग चाटत असते.

तिसरी, बिया. सफरचंद, पीच, आलुबुखार, जर्दाळू यांच्या बियांत सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो. सीताफळाच्या बिया तर आपल्या आज्या कुटून उवा मारायला वापरत, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणून बजावत. त्यावरून त्या किती जहाल ते समजा. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते, घशात अडकते. चौथं, अॅव्होकॅडो. हल्ली आपल्याकडे टोस्टवर येतो, तो तुमच्याच टोस्टवर राहू द्या. आणि कच्चा हिरवा टोमॅटो, त्याचं पान व देठ, हेही नको.

इथपर्यंतची यादी तुम्हाला कुठेही मिळाली असती. आता काकूंच्या मनीबद्दल सांगतो.

सी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर या काकू राहतात. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा येत नाही. तीन वर्षांपूर्वी पावसात भिजलेलं एक पिल्लू त्यांच्या नातीनं घरी आणलं. काकू आधी रागावल्या, मग त्यांनीच कापसाच्या बोळ्यानं त्याला दूध पाजून जगवलं. तीच मनी. त्यानंतर काकूंच्या घरात मनीइतके लाड कोणाचे झाले नसतील. सकाळी दूधपोळी, दुपारी दहीभात, संध्याकाळी काकूंबरोबर फळांची बशी. पपई, केळं, उन्हाळ्यात आंबा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे काढून.

दीड वर्षापूर्वी काकू मला लिफ्टमध्ये भेटल्या. अभिमानानं म्हणाल्या, "डॉक्टर, आमची मनी पक्की शाकाहारी बरं का! आंबा काय आवडीनं खाते." मी हसलो आणि म्हणालो, "वा, पुण्यवान मांजर आहे." लिफ्टचं दार उघडलं, मी उतरलो.

मंडळी, त्या दिवशी मी पुढचा एक प्रश्न विचारायला हवा होता: "काकू, आणि आंब्याशिवाय दुसरं काय खाते?" तो मी विचारला नाही. दवाखान्यात मी हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतो. लिफ्टमध्ये शेजारी असतो म्हणून विचारला नाही. हे मला आजही टोचतं.

या वर्षी रौप्यमहोत्सवासाठी बिल्डिंगला रंग निघाला. काकूंनी त्या निमित्तानं घरात आतूनही रंग काढला. सोफा हलवला, टीपॉय दुसऱ्या भिंतीला गेला. आणि मनी धडकायला लागली. आधी टीपॉयला, मग दाराच्या कडेला. सोफ्याच्या जुन्या जागी उडी मारायला गेली आणि जमिनीवर आपटली. नात तिला घेऊन माझ्याकडे आली. मी डोळ्यांत टॉर्च मारला. भर उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहिल्या. मनी आंधळी झाली होती. ती एका दिवसात झाली नव्हती, कित्येक महिने हळूहळू होत आली होती. पण मांजर घराचा नकाशा पाठ करतं. वस्तू जागच्या हलेपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही.

छातीला स्टेथोस्कोप लावला तर तिथेही बरं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात पाठवून सोनोग्राफी केली. हृदय मोठं झालेलं, भिंती पातळ, पंप कमजोर. आणखी काही आठवडे गेले असते तर एखाद्या सकाळी काकूंना ती उठलेलीच दिसली नसती.

कारण काय? टॉरिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं. मांजराला पुरेसं बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. ते असतं मांसात, माशांत, उंदरांत. फळांत, भातात, पोळीत, डाळीत नसतं म्हटलं तरी चालेल, आणि दुधात अगदी थोडं असतं. टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झालं. हृदयही कमजोर होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॉल पायन या पशुवैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या काळी तर बाजारातल्या तयार खाद्यातही टॉरिन कमी पडत होतं. या शोधानंतर कंपन्यांनी ते वाढवलं आणि हा हृदयरोग फार कमी झाला. आता तो मुख्यतः घरच्या अपुऱ्या जेवणावर वाढणाऱ्या मांजरांत दिसतो.

काकूंनी मला विचारलं, "म्हणजे माझ्या आंब्यानं ती आंधळी झाली?" मी म्हटलं, "नाही काकू. आंबा विष नाही. पण तिच्या बशीत जिथे जेवण हवं होतं, तिथे आंबा आणि दहीभात होता. पोट भरत होतं आणि शरीर उपाशी राहत होतं." काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंची मांजर वाड्यात दूधपोळीवर चौदा वर्षं जगली हो."

हा मुद्दा मला इथल्या निम्म्या घरांतून ऐकायला मिळतो, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यांसमोर देतो. सासूबाईंची मांजर खरंच चौदा वर्षं जगली असेल. पण ती दूधपोळीवर जगली नाही. दूधपोळी हा तिचा नाश्ता होता. जेवण ती रात्री माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, परसात करत होती. उंदीर, पाल, चिमणी, टोळ. सासूबाईंनी तिला वाड्यात ठेवलं होतं ते उंदरांसाठीच. आपल्या चौथ्या मजल्यावर कबुतरांसाठी जाळी लावलेली, कोठ्या गेल्या, धान्य डब्यात. मनीच्या वाट्याला उंदीर येणार कुठून? मांजर तेच आहे, घर बदललं. आणि घर बदललं की जेवणाची जबाबदारी पूर्ण आपल्यावर येते.

दुधाचं म्हणाल तर पिल्लू आईचं दूध पचवतं, पण मोठेपणी बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण त्यानंतर त्याच्या पोटात काय होतं तेव्हा आपणच डोळे मिटलेले असतात. प्यायला स्वच्छ पाणी ठेवा.

"मग शाकाहारी घरानं मांजर पाळूच नये का?" असं मी म्हणणार नाही. काकूंच्याच घरी काय ठरलं ते सांगतो. त्यांनी सरळ सांगितलं, "स्वयंपाकघरात मांस-मासे येणार नाहीत." मी म्हटलं, येऊ नयेतच. मांजरांसाठी तयार खाद्य मिळतं, कोरडे दाणे. पिशवीवर 'मांजरांसाठी संपूर्ण आहार' अशा अर्थाचं लिहिलेलं असलं पाहिजे. त्यात टॉरिन घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य चालत नाही, त्यात मांजराच्या गरजा धरलेल्या नसतात. नुसतं उकडलेलं अंडं किंवा नुसतं चिकन यांनीही आहार पूर्ण होत नाही. ती पिशवी आता काकूंच्या गॅलरीत वेगळ्या डब्यात असते. मनीची बशी वेगळी, घासणी वेगळी. वाढायचं काम नातीचं. सुरुवातीचे काही दिवस काकू त्या वेळी देवघरात जाऊन बसत. आता वाटी वाजली नाही तर त्याच नातीला हाक मारतात, "अगं, मनीचं जेवण राहिलं."

मनीला टॉरिनचं औषधही सुरू केलं. चार महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. हृदय खूप सुधारलंय, जवळजवळ पूर्ववत. डोळे मात्र परत येणार नाहीत. डोळ्यांचा पडदा एकदा गेला की गेला. तेव्हा सी विंगच्या मुलांनो, काकूंच्या घरी गेलात तर मनीला हात लावण्याआधी तिच्या नावानं हाक मारा, म्हणजे ती दचकणार नाही. आणि खुर्च्या जागच्या जागी ठेवा.

आता फळांपेक्षा मोठे धोके, पटापट सांगतो. कांदा आणि लसूण: कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कोणताही. त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. म्हणून मांसाहारी घरांनीही आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याचा शहाणपणा करू नये, मसाला आत मुरलेला असतो. चॉकलेट नको. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी आहे, तापात माणसाला दिली तशी अर्धी देऊन बघू नका. ते औषध पचवायची सोय तिच्या यकृतात नाही. कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. आणि रौप्यमहोत्सवाचं वर्ष आहे, घरोघरी पुष्पगुच्छ येतायत. त्यातली मोठ्या पाकळ्यांची, उग्र वासाची लिली मांजराला विष आहे. पान, पाकळी, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. मांजर असलेल्या घरी तो गुच्छ दाराबाहेरच ठेवा.

काही खाल्लंच तर? घरी मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. दूध, तूप, हळद, काही नको. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे कागदावर लिहा, पाकीट असेल तर बरोबर घ्या आणि लगेच डॉक्टरकडे जा. पहिल्या काही तासांत आमच्या हातात बरंच असतं. मांजर गप्प बसलं, कोपऱ्यात लपलं, ओकतंय, लघवी कमी झाली, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि मांजरानं एक दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याला उपास घडला म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः लठ्ठ मांजराला. त्याच्या यकृतावर चरबी साचते आणि जिवावर बेततं.

शेवटी सोसायटीसाठी तीन गोष्टी. पहिली, पार्किंगमधल्या मांजरांना प्रत्येकानं आपापल्या ताटातलं उरलंसुरलं टाकायचं, हे बंद करू या. त्यात मांजराचंही भलं नाही आणि खाली मुंग्या-झुरळं होतात म्हणून तक्रार करणाऱ्यांचीही तक्रार खरी आहे. जागा एक, वेळ एक, खाणं मांजराचं, आणि अर्ध्या तासानं बशी उचलायची. दुसरी, प्रसाद आणि उपासाचे पदार्थ उरले तर ते माणसांना वाटा किंवा ओल्या कचऱ्यात टाका. तिसरी, खालच्या चार मांजरांचं नसबंदीचं ऑपरेशन मी करून देतो, माझी फी नको. त्यांना पकडून आणायचं काम मात्र मुलांचं. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न जुना आहे, या वेळी आपण सगळे मिळून बांधू.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या घरच्या आजारपणांना, लग्नांना, दहावी-बारावीच्या निकालांना धावून गेलो. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला पुढचा एक प्रश्न विचारावा, एवढं मी मनीकडून शिकलो. तुमच्या घरी मांजर असेल आणि लिफ्टमध्ये मी भेटलो, तर आता मी तो विचारणारच. रागावू नका.

केशराचा वास आलाय, म्हणजे दूध आटलेलं दिसतंय. मुलांनो, तुम्ही पोटभर प्या. बोक्याला मात्र द्यायचं नाही!